शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: आमच्या मुलांसाठी एक रकाना

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



हे पत्र मे महिन्यात लिहायचं असं मुद्दाम ठरवलं होतं. वर्षातले हेच दिवस असे असतात की आमच्या घरात आणि शेजारच्या घरात काडीचाही फरक दिसत नाही. शेजारची मुलं शाळेत जात नाहीत, आमचीही जात नाहीत. सकाळी सगळी आंब्याखाली, दुपारी पत्ते कुटत, संध्याकाळी झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं एकमेकांना भिजवत. पंधरा जून उजाडला की शेजारची मुलं सरकारदप्तरी विद्यार्थी होतात आणि आमची शाळाबाह्य. मुलं तीच, बाग तीच, शिकणंही तेच. बदलतो तो फक्त कागद, आणि कागद आपल्या खात्याचा आहे, म्हणून आपल्यालाच लिहिते आहे.

आम्ही वाई तालुक्यात राहतो. घराभोवती चार गुंठे जागा आहे. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. थोरलीची पहिली २०२० साली, म्हणजे करोनात सुरू झाली. तिनं शाळेचा पहिला दिवस मोबाइलच्या पडद्यावर पाहिला, तोही रेंज मिळेल त्या कोपऱ्यात बसून. पुढची जवळजवळ दोन वर्षं ती घरीच होती, त्यात वाचायला शिकली, हिशेब करायला शिकली, आणि शाळा उघडल्यावर आम्ही घरात बसून विचार केला तेव्हा तिला परत पाठवायची घाई आम्हाला वाटली नाही. शाळेवर राग नाही. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, त्यांच्या पगारावर आणि त्यांच्या छडीखाली मी मोठी झाले. घरी शिकवणारे म्हणजे बंगल्यात राहणारे, इंग्रजी बोलणारे, परदेशातून परतलेले, असा एक समज आहे. माझा नवरा सातारच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. मी घरी शिवणकाम करते.

उन्हाळ्यात आमचा दिवस पाण्यापासून सुरू होतो. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, त्यामुळे टाकी कधी भरायची हे महावितरण ठरवतं आणि कुणी किती वाजता उठायचं हे टाकी ठरवते. ठिबकच्या नळ्या जुन्या झाल्यात, आमच्या पाण्यात क्षार आहेत, तोट्या तुंबतात. तोटीवर ताशी चार लिटर असं लिहिलेलं असतं. खरोखर तेवढं पडतं का, हे बघायचं काम मुलांचं. पाव लिटरचं भांडं तोटीखाली धरायचं आणि आकडे मोजायचे. पावणेचार मिनिटांत भरलं पाहिजे, म्हणजे दोनशे पंचवीस सेकंद. धाकट्याला शंभरापुढचे आकडे असे उकिडवं बसून आले. आता भांडं तीनशेपर्यंत भरलं नाही की तो स्वतःच तोटी उपसून काढतो, सुईनं टोचतो, तोंडानं फुंकतो आणि माती खाल्ल्यासारखं तोंड करून परत बसवतो. थोरली त्याच आकड्यांवरून कोणत्या ओळीला किती वेळ पाणी सोडायचं ते काढते. गणिताच्या पुस्तकात नळ आणि टाकीची उदाहरणं असतात, ती मला आयुष्यभर जाचली. तिला ती सोडवताना हसू येतं, कारण पुस्तकातला नळ कधीच तुंबत नाही.

भोपळ्याच्या वेलाबद्दल जरा सविस्तर सांगते. लाल भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटायला लागतात. नर फुलाचा देठ लांब आणि सडपातळ, मादी फुलाच्या खाली बोरासारखा इवलासा भोपळा आधीच तयार असतो. परागकण पोचले तर तो वाढतो, नाही पोचले तर चार दिवसांत पिवळा पडून गळतो. कडक उन्हाळ्यात या वेलांना नर फुलं फार येतात आणि मादी कमी. त्यातून शेजारच्या टोमॅटोवर फवारणी झाली की मधमाश्या दिसेनाशा होतात. मग थोरली सकाळी सातच्या आत नर फूल तोडते, त्याच्या पाकळ्या सोलते, आतली पिवळीधमक कांडी मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं फिरवते आणि देठाला लाल लोकरीचा दोरा बांधते. दोरा असलेली फुलं आपण केलेली, दोरा नसलेली माश्यांवर सोडलेली. वहीत दोन्हींचा हिशेब. उन्हातल्या वेलावर दोरेवाली फळं जास्त टिकली, आंब्याच्या सावलीतल्या वेलावर मात्र दोन्ही सारखीच निघाली. आता याचा अर्थ काय लावायचा? थोरली म्हणते, सावलीत माश्या येतात. बाबा म्हणाला, सावलीत फुलं उशिरा मिटत असतील. धाकट्यानं तर चुलतभावावर दोरे हलवल्याचा आरोप केला. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि यंदा वेल दोन्ही जागी लावून पुन्हा मोजायचं ठरलं आहे. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे त्यांची पाळी जेवणाआधी. दुधीच्या पांढऱ्या फुलांवर रात्रीचे पतंग येतात, ते बघायला टॉर्च आणि ओडोमॉस लागतं.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे हळद लावायला सुरुवात होते. वाईची हळद आपण जाणताच. सासूबाई जेठे गड्डे निवडतात, मुलं सऱ्या धरतात. बेणं कोणतं ठेवायचं आणि कोणतं शिजवायचं, हे सासूबाईंना हातात घेतल्याबरोबर कळतं. मुलांना ते अजून कळत नाही आणि मलाही नाही. शेणा-गोमूत्राचं जीवामृत कालवायचं काम मात्र थोरलीकडे लागलं आहे. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांचं प्रमाण एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, वर गोमूत्र आणि बांधावरची मूठभर माती. चार गुंठे म्हणजे एकराचा दहावा हिस्सा. वीस लिटर, एक किलो, दोनशे ग्रॅम, दोनशे ग्रॅम. मूठभर मातीचा दहावा हिस्सा कसा काढायचा, यावर तिनं मला गप्प केलं होतं.

मे महिन्याच्या ११-१२ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास आमच्या अंगणात सावली नाहीशी होते. सूर्य नेमका डोक्यावर येतो. सावंतवाडीपासून धुळ्यापर्यंत सगळ्या महाराष्ट्रात हा शून्य सावलीचा दिवस मे महिन्यातच येतो, दक्षिणेला आधी, उत्तरेला नंतर. वर्षातून तो दोनदा येतो हे खरं, पण दुसऱ्या वेळी पावसाळा असतो आणि आमच्याकडे तेव्हा सूर्यच दिसत नाही. म्हणजे पृथ्वीचा अक्ष कलता आहे याचा डोळ्यांनी दिसणारा एवढा स्वस्त पुरावा, एक काठी आणि सपाट जमीन, राज्यातल्या सगळ्या शाळांना कुलूप असताना येतो. वळवाचंही तसंच. पत्र्याच्या सरळ उभ्या डब्यात पट्टी बुडवून मुलं पाऊस मोजतात. एका वळवानं डब्यात एक सेंटिमीटर पाणी जमलं तर चार गुंठ्यांवर किती पडलं? चार हजार लिटर, म्हणजे लहानसा टँकर. हे उत्तर आलं त्या दिवसापासून घरात नळ उघडा ठेवायची कुणाची छाती नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. बागेतून सगळं शिकता येतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बागेतून भागाकार येत नाही, तो पाट्याच्या पाट्या भरूनच येतो. शुद्धलेखन येत नाही, इंग्रजी तर मुळीच येत नाही. त्यासाठी दुपार आहे. अकरा ते चार बाहेर पाऊल ठेवण्याची सोय नसते. दारं लावून, पन्ह्याचा तांब्या मध्ये ठेवून, बालभारतीची पुस्तकं उघडली जातात. ती संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि मी तरी ती चांगलीच मानते. परिसर अभ्यासाच्या पुस्तकाशी मुलं भांडतात, कारण त्यातलं बरंच काही त्यांनी पाहिलेलं असतं. इतिहासाच्या पुस्तकाशी भांडत नाहीत. वाईचा इतिहास मात्र मी तोंडीच सांगते: इथे मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्या प्राज्ञ पाठशाळेत शिकले, हे मी मुलांना सांगितलं तेव्हा धाकट्याचा एकच प्रश्न होता, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी होती का?

मे महिन्यात आमच्या बागेत आमची दोनच मुलं नसतात. पुण्यामुंबईहून आजोळी आलेली असतात, गल्लीतली असतात. तोट्या मोजायला हीच सगळी. इंग्रजी माध्यमातला नववीतला एक मुलगा भोपळ्याचं नर फूल पहिल्यांदा ओळखून इतका खूश झाला की त्यानं दिवसभर दुसऱ्यांना शिकवलं. त्याच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात परागणाची आकृती होती आणि ती त्याला तोंडपाठ होती. मंत्रिमहोदय, नवं सत्र एप्रिलपासूनच सुरू करावं अशी चर्चा आपल्या राज्यात अधूनमधून उठते. वेळापत्रकाचं शास्त्र मला कळत नाही. परंतु सत्र कुठूनही सुरू करा, मे महिना मुलांच्या हातात सलग राहू द्या, आणि त्यात प्रकल्पवह्या कोंबू नका. आमच्या मुलांना सवंगडी मिळतात ते याच दिवसांत. जूनमध्ये सकाळी दहाला गल्ली रिकामी होते आणि आमची दोघं संध्याकाळच्या पाचची वाट बघत बसतात. घरी शिकण्याची खरी किंमत ती आहे, आणि ती मुलं मोजतात, आम्ही नाही.

आता मूळ विषयाकडे येते.

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं. शिक्षक दारोदार फिरतात. ४ जुलै २०१५ रोजी तर आपल्या राज्यानं एकाच दिवसात हे सर्वेक्षण केलं होतं आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदारांसारखी शाई लावली होती. आमच्याकडे येणाऱ्या बाई चांगल्या आहेत. ओट्यावर बसतात, मुलीची वही चाळतात, चहा घेतात आणि मग अवघडून विचारतात, "ताई, काय लिहू?" त्यांच्या नमुन्यात मूल एक तर शाळेत आहे किंवा नाही. नसेल तर कारण: स्थलांतर, बालमजुरी, घरकाम, आजारपण, अपंगत्व, इतर. आमची मुलं "इतर" मध्ये जातात. मग वरून फोन येतो, कुणाला तरी समज द्यायला सांगितलं जातं, बाई पुन्हा येतात, पुन्हा चहा होतो.

हे सर्वेक्षण बंद करा असं माझं म्हणणं अजिबात नाही. आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, कार्तिकात येतात आणि उन्हाळा तापायच्या वेळी परत जातात. त्यांच्या कोप्यांपाशी आमच्या थोरलीच्या वयाची मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी असते, आणि तिचं शिकणं खरोखरच थांबलेलं असतं. सर्वेक्षण तिच्यासाठी आहे. तिची आणि माझ्या मुलीची नोंद एकाच 'शाळाबाह्य' खान्यात होते, यात तिचा तोटा जास्त आहे. ज्या शिक्षकानं तिच्यामागे धावायचं, तो माझ्या ओट्यावर चहा पीत बसतो. उलट, "घरी शिकवतो" असं नुसतं तोंडी म्हणून उद्या कुणी मुलीला धुण्याभांड्याला जुंपलं किंवा तेराव्या वर्षी तिचं लग्न लावलं, तर तेही मला नको आहे. म्हणून नुसती सूट मागत नाही. नोंद मागते आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम ८ मध्ये सक्ती म्हणजे शासनावरची सक्ती, असा अर्थ सांगितला आहे. कलम १० प्रमाणे मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण ते न केल्यास शिक्षा कायद्यात कुठे नाही. घरी शिकण्याबद्दल कायदा परवानगीही देत नाही आणि शिक्षाही करत नाही. शेवटची दारं मात्र उघडी आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला दहावीला बसू देते, आधीचा दाखला नसला तरी. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी-आठवीच्या परीक्षा देता येतात, दहावी-बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर गावोगाव माहीत आहे. मुंबईची एक मुलगी दहावी-बारावी बोर्डाची परीक्षा न देता २०१६ साली अमेरिकेत एमआयटीला गेली, ही बातमी प्रत्येक नातेवाईक आम्हाला पाठवतो. आमची मुलं एमआयटीला जायची नाहीत बहुधा, आणि नाही गेली तरी त्यांची नोंद व्हायला हवी. सहा ते चौदा या वयात त्यांना आपल्या दप्तरात जागाच नाही, अडचण ही आहे.

त्यामुळे होतं काय, शिष्यवृत्ती परीक्षा थोरलीला देता येत नाही, कारण अर्ज शाळेमार्फत भरायचा. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिला भोपळ्याची वही मांडता येत नाही, तेही शाळेमार्फत. धाकटा झाडावर माकडासारखा चढतो आणि वाऱ्यासारखा पळतो, पण तालुका क्रीडा स्पर्धेत त्याला धावायला शाळेचं नाव लागतं.

आणि असं वर्गाबाहेर शिकणं काही महाराष्ट्राला परकं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली गेली, तिच्यात सूत, शेती आणि हातकाम हेच शिकण्याचं साधन होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला मुलं गुरं राखतात त्या कुरणातच शाळा नेली. देशानं एकीला पद्मभूषण दिलं, दुसरीला पद्मश्री. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी, गणिताचा प्राध्यापक असलेल्या माणसानं, तासगावच्या द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना एकमेकांकडून शिकायला लावलं. त्यांच्या प्रयोग परिवारात ना वर्ग होते ना दाखले. त्यांच्यावर आपण भाषणं करतो. त्यांच्या वाटेनं चालणाऱ्या घराला मात्र "इतर" मध्ये टाकतो.

माझं मागणं थोडक्यात असं. सर्वेक्षणाच्या नमुन्यात "शिक्षण घरी चालू" असा एक रकाना वाढवा. तो भरणाऱ्या पालकानं जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलाची नोंद करावी, वर्षातून एकदा केंद्रप्रमुखांनी घरी येऊन मुलाशी बोलावं, वाचायला लावावं, गणित घालावं, आणि मूल मजुरीला जात नाही ना ते डोळ्यांनी पाहावं. वर्षं जाऊनही मूल काहीच शिकत नाही असं दिसलं, तर कलम ४ खाली वयानुरूप वर्गात त्याला दाखल करावं, आमची हरकत नाही. त्या बदल्यात शिष्यवृत्ती, विज्ञान प्रदर्शन आणि मैदान त्या शाळेच्या नावावर आमच्या मुलांना खुलं करा. यात सरकारचा पैसा जवळजवळ लागत नाही. बाईंचा एक हेलपाटा उलट वाचेल.

शाळा जूनमध्ये उघडतील, सर्वेक्षणाचे नमुने त्याआधी छापखान्यात जातील. या वर्षीच्या नमुन्यात तो रकाना असावा, एवढंच बघा. उत्तर पत्रानं देण्याची तसदी घेऊ नका, शासन परिपत्रक निघालं तरी आम्हाला पोचेल.

आपली,
घरी शिकणाऱ्या दोन मुलांची आई
ता. वाई, जि. सातारा